मूठभर क्रौंच आणि ७८० मेगावॉट

खास प्रतिनिधी

अरुणाचल प्रदेशातील तवांग जिल्ह्यात न्यामजांग छू ही नदी तिबेटमधून भारतात उतरते आणि झेमीथांगच्या खोऱ्यातून वाहत पुढे तवांग छूला मिळते. या नदीच्या जेमतेम तीन किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात, ब्रोकेनथांग ते झेमीथांग या गावांदरम्यान, काळ्या मानेचे क्रौंच हिवाळा काढण्यासाठी उतरत आले आहेत. त्यांची संख्या शेकड्यांत नाही; दोन आकडी होण्याचीही मारामार असते. नेमक्या याच पट्ट्यात ७८० मेगावॉट क्षमतेच्या जलविद्युत प्रकल्पाचा बंधारा प्रस्तावित होता. एप्रिल २०१२ मध्ये केंद्र सरकारने या प्रकल्पाला पर्यावरणविषयक मंजुरी दिली. ७ एप्रिल २०१६ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने ती स्थगित केली. मंजुरी देताना या पक्ष्याच्या अस्तित्वाचा विचारच झालेला नाही, हे त्यामागचे प्रमुख कारण होते.

हजारो कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मूठभर पक्षी आडवे आले, अशी या निकालाची सोपी मांडणी तेव्हा झाली आणि आजही होते. ती अपुरी आहे. प्रकल्पाला आडवे आले ते पक्षी नव्हेत, तर त्या पक्ष्यांची नोंद. नोंद नसती, तर हे क्रौंच सरकारी कागदांच्या खिजगणतीतही आले नसते. हिवाळ्याच्या कडाक्यात भल्या पहाटे उठून पक्षी मोजणाऱ्या डोंगराळ गावांतील माणसांचे काम हा वरकरणी हौसेचा मामला वाटतो. प्रत्यक्षात आपल्या खोऱ्यात काय आहे, हे सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यामागे आहे.

कागदावर नसलेला पक्षी

काळ्या मानेचा क्रौंच हा जगातील १५ क्रौंच जातींपैकी सर्वांत उशिरा विज्ञानाला ज्ञात झालेला पक्षी. रशियन प्रवासी निकोलाय प्रझेवाल्स्की यांनी १८७६ मध्ये त्याची नोंद केली. उंच पठारी प्रदेशात वीण करणारा हा एकमेव क्रौंच आहे. तिबेटचे विस्तीर्ण पठार आणि भारतातील लडाखचा पूर्व भाग ही त्याची विणीची भूमी. हिवाळ्यात तो तिबेट व दक्षिण चीनमधील खालच्या खोऱ्यांत, भूतानमध्ये आणि अगदी थोड्या संख्येने अरुणाचल प्रदेशात येतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे, म्हणजे वाघाला मिळते तेवढेच कायदेशीर संरक्षण या पक्ष्यालाही आहे.

झेमीथांग परिसरातील मोनपा समाजासाठी हा पक्षी नवखा नाही. सहाव्या दलाई लामांचा जन्म तवांगचा. त्यांच्या एका प्रसिद्ध कवितेत शुभ्र क्रौंचाचा उल्लेख आहे आणि त्यांच्या पुढील जन्माचा संकेत म्हणून तो श्रद्धेने सांगितला जातो. त्यामुळे क्रौंचांचे आगमन हा येथे शुभशकुन मानला जातो. गावातील लहान मुलालाही ठाऊक असलेला हा पक्षी प्रकल्पाच्या पर्यावरण आघात मूल्यमापनात मात्र दखलपात्र ठरला नाही.

असे का घडते, हे समजून घेण्यासाठी मूल्यमापनाची पद्धत पाहावी लागेल. हा अहवाल सल्लागार संस्था तयार करते. त्या संस्थेची नेमणूक आणि तिचे मानधन प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीकडून होते. सल्लागारांचा चमू ठरावीक दिवस खोऱ्यात येतो, पाहणी करतो आणि निघून जातो. क्रौंच मात्र ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरमध्ये येतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परततात. चुकीच्या महिन्यात किंवा चुकीच्या वेळी आलेल्या माणसाला नदीकाठी दिसतात ती फक्त गुरे आणि गोटे. 'आढळला नाही' हे त्याचे विधान त्या दिवसापुरते खरे असू शकते. पण अहवालात तेच 'अस्तित्वात नाही' असे वाचले जाते.

'सेव्ह मोन रिजन फेडरेशन' या स्थानिक संघटनेने लवादाचे दार ठोठावले तेव्हा त्यांच्या हाती नेमके हेच उत्तर होते. गावकऱ्यांचे वर्षानुवर्षांचे अनुभव आणि पक्षी अभ्यासकांच्या हिवाळी नोंदी यांची सांगड घातली गेली. वर्ल्डवाइड फंड फॉर नेचर या संस्थेच्या भारतीय शाखेचे या भागात गावकऱ्यांसोबत काम सुरू होते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पुढाकार घेतलेल्या महत्त्वाच्या पक्षी क्षेत्रांच्या यादीतही झेमीथांगचे नाव होते. लवादाने मंजुरी स्थगित करून नव्याने अभ्यास करण्याचे आदेश दिले. पुढे भारतीय वन्यजीव संस्थेनेही या खोऱ्याच्या अभ्यासात हा नदीपट्टा क्रौंचांसाठी महत्त्वाचा असल्याचे अधोरेखित केले.

या लढ्याची किंमतही मोठी होती. निकालानंतर महिन्याभरातच, २ मे २०१६ रोजी, आंदोलनाचे नेतृत्व करणाऱ्या एका भिक्खूच्या अटकेच्या निषेधार्थ तवांगमध्ये जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात दोघांचा बळी गेला. धरणविरोधी आंदोलनाची कारणे केवळ क्रौंचांपुरती नव्हती. पवित्र स्थळे, जमीन, भूकंपप्रवण डोंगर आणि नदीवरील हक्क हे सारे त्यात होते. तथापि न्यायासनापुढे जो मुद्दा टिकला, तो मोजता येण्याजोगा होता, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

मोजणी म्हणजे नेमके काय?

हिवाळ्यात पक्षी मोजण्याची ही रीत जगात सव्वाशे वर्षे जुनी आहे. अमेरिकेत नाताळच्या दिवशी दोन गट करून दिसेल तो पक्षी-प्राणी मारण्याची स्पर्धा लागत असे. पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी १९०० मध्ये त्याऐवजी पक्षी मारू नका, मोजा, असे आवाहन केले. पहिल्या वर्षी २५ ठिकाणी अवघ्या २७ जणांनी भाग घेतला. आज तेथे हजारो स्वयंसेवक दरवर्षी ठरलेल्या वर्तुळात, ठरलेल्या काळात ही गणना करतात. आशियात १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. भारतात तिच्या समन्वयात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा वाटा राहिला असून, नांदूर मध्यमेश्वर किंवा जायकवाडीच्या काठी दुर्बीण घेऊन उभे राहणारे महाराष्ट्रातील पक्षीमित्र याच परंपरेतले आहेत.

गणनेसाठी हिवाळाच का निवडला जातो, यालाही कारण आहे. विणीच्या काळात क्रौंचांच्या जोड्या तिबेटच्या पठारावर शेकडो मैलांत विखुरलेल्या असतात. बहुतांश भाग दुर्गम, काही भाग सीमेमुळे निषिद्ध. हिवाळ्यात हेच पक्षी मोजक्या खोऱ्यांत एकत्र येतात. दिवसा ते शेतांत सांडलेले धान्य, कंदमुळे, किडे टिपत हिंडतात आणि संध्याकाळी उथळ पाण्यातील ठरावीक रातथाऱ्यावर एकत्र उभे राहतात. पाण्यात उभे राहिल्याने कोल्ह्या-कुत्र्यांपासून बचाव होतो. म्हणूनच मोजणीची उत्तम वेळ म्हणजे पक्षी रातथाऱ्यावर परततानाची संध्याकाळ किंवा तेथून उडण्यापूर्वीची पहाट. दिवसभर शेतोशेती फिरून मोजल्यास तोच पक्षी दोनदा मोजला जाण्याचा धोका असतो.

केवळ एकूण आकडा पुरेसा नसतो. क्रौंच कुटुंबाने राहतात. मादी सहसा दोन अंडी घालते, परंतु हिवाळ्यात आईबापांसोबत बहुधा एकच पिल्लू दिसते. पिवळसर-तपकिरी छटेमुळे ते दुरूनही ओळखू येते. किती जोड्यांसोबत पिल्लू आहे, यावरून दूर तिबेटमधील विणीचा हंगाम कसा गेला, याचा अंदाज बांधता येतो. एकाही विदेशी पठारावर पाय न ठेवता पहाडी गावातील शाळाशिक्षक किंवा शेतकरी ही माहिती आपल्या बांधावरून मिळवू शकतो.

येथे आणखी एक भेद स्पष्ट करायला हवा. अलीकडे दुर्मीळ पक्ष्यांच्या छायाचित्रांसाठी अशा खोऱ्यांत पर्यटकांची रीघ लागते. ही छायाचित्रे पक्षी आहे, हे सिद्ध करतात. पण पक्षी नाही, हे छायाचित्राने सिद्ध होत नाही. ज्या दिवशी पक्षी दिसत नाही, त्या दिवशी छायाचित्रकार नोंद करीत नाही. त्याच जागी, त्याच वेळी, दरवर्षी उभा राहणारा गणकच 'या वर्षी शून्य' असे लिहू शकतो. हे शून्य लिहिण्याची शिस्त हाच गणना आणि निरीक्षण यांतील फरक आहे.

आपातानीचा धडा

शून्याची नोंद न ठेवल्यास काय होते, याचे उदाहरण अरुणाचलातच आहे. झिरो येथील आपातानी खोरे हे भातशेती आणि त्या शेतातच मासे वाढविण्याच्या पद्धतीसाठी प्रसिद्ध आहे. या खोऱ्यात काळ्या मानेचे क्रौंच हिवाळ्यात येत असल्याची नोंद १९५४ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. त्यानंतर दोन दशकांच्या आसपास, म्हणजे १९७० च्या दशकात, हे पक्षी तेथे येईनासे झाले.

वस्ती वाढली, शिकार झाली, वर्दळ आली, की तिबेटकडूनच येणारे पक्षी घटले, यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, हे ठरविण्यासाठी वर्षागणिक आकडे लागतात. दर हिवाळ्याची सलग मोजणी त्या खोऱ्यात उभी राहिली नाही. परिणामी या ऱ्हासाला ना तारीख मिळाली, ना कारण, ना जबाबदार. एखादी प्रजाती खोऱ्यातून निघून गेली, एवढाच दोन ओळींचा मजकूर पुस्तकांत उरला. पुढे हे खोरे क्रौंचांसाठी पुन्हा अनुकूल करावे, असे कोणी म्हटले, तरी नेमके काय पूर्ववत करायचे, याचे उत्तर कोणाकडे नाही.

फोबजिखाचा अनुभव

सीमेपलीकडे भूतानमध्ये चित्र वेगळे आहे. सुमारे ३,००० मीटर उंचीवरील फोबजिखा हे दलदलीचे रुंद खोरे क्रौंचांच्या हिवाळी मुक्कामाचे भूतानमधील सर्वांत मोठे ठिकाण. काहीशे क्रौंच येथे दरवर्षी येतात. गांगते येथील मठाभोवती ते येताना आणि जाताना प्रदक्षिणा घालतात, अशी स्थानिकांची श्रद्धा आहे. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या 'रॉयल सोसायटी फॉर प्रोटेक्शन ऑफ नेचर' या संस्थेने क्रौंचांची हिवाळी मोजणी सातत्याने चालविली असून, गावकऱ्यांना तिच्यात सामावून घेतले. १९९८ पासून ११ नोव्हेंबरला मठाच्या प्रांगणात क्रौंच महोत्सव भरतो.

या सातत्याचा व्यवहारात उपयोग झाला. खोऱ्यातील बटाटा पिकविणाऱ्या शेतकऱ्यांना वीज हवी होती आणि ती मागणी रास्त होती. मात्र उड्डाणाच्या मार्गात उघड्या तारा आल्या, तर मोठ्या पंखांचे क्रौंच त्यांवर आदळून मरतात. अखेर विजेच्या तारा जमिनीखालून नेण्यात आल्या. खर्च वाढला, पण गावाला वीज मिळाली आणि पक्ष्यांचे आकाश मोकळे राहिले. विकास की पक्षी, असा दोन टोकांचा वाद न घालता तिसरा मार्ग काढता आला. क्रौंच कोठून उडतात, किती असतात, कधी येतात, याची माहिती आधीपासून हाताशी असल्याशिवाय असा मार्ग आखता येत नाही. २०१६ मध्ये या पाणथळीला रामसर दर्जाही मिळाला.

भूतानच्याच पूर्वेकडील बुमदेलिंग खोऱ्यात उलट अनुभव आला. तेथे नदीच्या पुरांनी भातखाचरे खरवडून नेली आणि क्रौंचांची संख्या घटत गेली. फोबजिखात वाढ आणि बुमदेलिंगमध्ये घट, हे एकाच देशात घडले. केवळ देशाचा एकूण आकडा पाहणाऱ्याला ते दिसले नसते. खोरेनिहाय मोजणीनेच ते समोर आणले. बुमदेलिंग हे झेमीथांगपासून फार दूर नाही, ही बाब भारतासाठीही महत्त्वाची आहे.

आक्षेपांचे मोल

या साऱ्यावर घेतले जाणारे आक्षेप दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप असा, की काळ्या मानेचा क्रौंच आता तितका संकटात नाही. जगभरातील त्यांची संख्या दहा हजारांच्या पुढे गेली असून, आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२० मध्ये या पक्ष्याला 'असुरक्षित' गटातून 'संकटसमीप' या तुलनेने कमी धोक्याच्या गटात आणले. मग झेमीथांगच्या चार-सहा पक्ष्यांसाठी ७८० मेगावॉट वीज का सोडावी? दुसरा आक्षेप मोजणीच्या विश्वासार्हतेवर आहे. स्वयंसेवक प्रशिक्षित नसतात, त्यांची मते आधीच ठरलेली असतात, आणि जेथे एकूण पक्षी सात आहेत, तेथे एका पक्ष्याची चूकही मोठी ठरते.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर असे, की पक्ष्याची जागतिक स्थिती सुधारली, हेही हिवाळी मोजणीनेच सांगितले. ज्या पद्धतीने आलेली चांगली बातमी मान्य करायची, तिच पद्धत अडचणीची बातमी देऊ लागली की नाकारायची, हे तर्काला धरून नाही. शिवाय भारतात या पक्ष्याची नियमित हिवाळी ठिकाणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. झेमीथांगखेरीज पश्चिम कामेंग जिल्ह्यातील दिरांगजवळचे सांगती खोरे हे त्यांतील ठळक नाव. आपातानी आधीच गेले. एखादे ठिकाण गमावणे म्हणजे काही पक्षी गमावणे नव्हे, तर पिढ्यानुपिढ्या पिल्लांना आईबापांकडून मिळणारी वाट गमावणे. क्रौंचांची पिल्ले स्थलांतराचा मार्ग मोठ्यांसोबत उडून शिकतात. मार्ग दाखविणारेच उरले नाहीत, तर नदी पुन्हा मोकळी केली, तरी ते परततील, याची शाश्वती नसते.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याचे उत्तर पद्धतीत आहे. एकच ठिकाण, एकच वेळ, किमान दोन स्वतंत्र गणक, हंगामात अनेकदा मोजणी आणि शून्यासह प्रत्येक नोंद जतन करणे, एवढ्याने बरीच चूक टळते. स्वयंसेवकांच्या नोंदींवर शास्त्रीय निष्कर्ष उभारता येतात, हे देशपातळीवरही दिसून आले आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर आधारलेला होता. त्यात ९४२ जातींचा आढावा घेण्यात आला. मात्र दीर्घकालीन कल सांगता येईल इतकी माहिती केवळ ३३८ जातींबाबत मिळाली आणि त्यांतील २०४ जाती घटल्याचे आढळले. उरलेल्या सहाशेहून अधिक जातींबद्दल दीर्घकाळाचे काहीच ठामपणे सांगता येत नाही. शहरांत आणि रस्त्यालगत नोंदी भरपूर, उंच डोंगरांत त्या विरळ, ही या कामातील मोठी उणीव आहे.

ती भरून काढण्याचे काही प्रयत्न झाले. भारत, नेपाळ आणि भूतान या तीन देशांतील संस्थांनी २०२२ मध्ये एकत्रितपणे हिमालयीन पक्षीगणना सुरू केली. पण ती मे महिन्यात होते. तोपर्यंत क्रौंच पठारावर परतलेले असतात. हिवाळ्यातील मोजणीची जबाबदारी त्यामुळे बर्फातही गाव न सोडणाऱ्या माणसांवरच पडते.

नोंदीला दर्जा हवा

या माणसांच्या कामाला आज कायद्यात स्पष्ट स्थान नाही, ही खरी अडचण आहे. प्रकल्पाचा सल्लागार अहवाल हा अधिकृत दस्तऐवज. गावाची वही मात्र कोणी न्यायालयात सादर करीपर्यंत वहीच राहते. झेमीथांगला तिचे मोल मंजुरी मिळाल्यानंतर चार वर्षांनी कळले. ती मंजुरीपूर्वीच विचारात घेतली गेली असती, तर कंपनीचा खर्च, सरकारचा वेळ आणि लोकांचा मनस्ताप, तिन्ही वाचले असते.

त्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावागावांत जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या अपेक्षित आहेत. पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचा ही संकल्पना रुजविण्यात मोठा वाटा होता. लोकांना असलेले परिसराचे ज्ञान लोकांनीच लिहून ठेवावे, हा तिचा गाभा. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी या नोंदवह्या उद्दिष्ट पूर्ण करण्यासाठी एकदाच भरल्या जातात आणि कपाटात जातात. हिवाळी पक्षीगणनेचे आकडे दरवर्षी या वहीत चढले आणि आघात मूल्यमापनात त्या वहीतील नोंदींना लेखी उत्तर देणे सल्लागारांवर बंधनकारक झाले, तर 'आढळला नाही' एवढ्या दोन शब्दांवर खोऱ्याचे भवितव्य ठरणार नाही.

याची निकड वाढली आहे. अरुणाचल सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये रखडलेले १२ जलविद्युत प्रकल्प केंद्रीय सार्वजनिक कंपन्यांकडे सोपविण्याचे करार केले. त्यांची एकत्रित क्षमता सुमारे साडेअकरा हजार मेगावॉट आहे. सीमावर्ती भागात रस्तेबांधणीचा वेगही वाढता आहे. वीज आणि रस्ते या डोंगरवासीयांच्याही गरजा आहेत, आणि सर्वच प्रकल्प अडवावेत, असा याचा अर्थ नाही. कोणता प्रकल्प कोठे आणि कसा उभारावा, हे ठरविताना त्या खोऱ्यात आधीपासून काय आहे, याचा हिशेब टेबलावर असावा, इतकाच मुद्दा आहे.

त्याचबरोबर मोजणाऱ्यांनीही एक गोष्ट मनाशी बाळगायला हवी. पक्षी वाढले तर लिहायचे आणि घटले तर गप्प बसायचे, हा मोह मोठा असतो. कारण घटलेला आकडा उद्या प्रकल्पाच्या बाजूने वापरला जाण्याची भीती असते. पण ज्या वहीत एक हिवाळा सोयीसाठी वगळला गेला, तिच्यातील बाकीच्या हिवाळ्यांवरही उलटतपासणीत विश्वास ठेवला जात नाही. झेमीथांग किंवा सांगतीच्या पाण्यात एखाद्या वर्षी एकही क्रौंच उतरला नाही, तर त्या वर्षीही कोणीतरी पहाटे नदीकाठी उभे राहून तारीख, वेळ आणि शून्य लिहिले पाहिजे. पुढच्या वर्षी तेथे दोन पक्षी उतरले, तर ते परतले आहेत, हे सांगण्याचा अधिकार त्या शून्यामुळेच गावाला मिळणार आहे.